शेकायची पॅड आणि सतरा पिलं

बाबा,

आज सकाळपासून मी तुमच्यावर चिडले आहे. गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात, आणि तुम्हाला जाऊन तर चौदा पावसाळे झाले. पण स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पुठ्ठ्याच्या पेटीत अठ्ठावीस पिलं ओरडताहेत, लाईट दुपारपासून तिसऱ्यांदा गेली आहे, आणि लाईट असते तेव्हा त्यांना ऊब द्यायला जे यंत्र आणलं आहे ते दर दीड तासाने आपल्या मनाने बंद पडतं. अशा वेळी ज्याला विचारावं असा एकच माणूस मला माहीत होता. तो आता नाही, आणि असता तरी त्याने सरळ उत्तर दिलं नसतं. त्यामुळे चिडण्यावाचून दुसरं काही करता येत नाही, आणि चिडून झाल्यावर हात रिकामे राहतात, म्हणून लिहायला बसले.

आधी पिलं कुठून आली ते सांगते, नाहीतर तुम्ही पहिला प्रश्न तोच विचाराल. पुण्याची नोकरी सोडून मी दोन वर्षांपूर्वी गावी आले. घर उघडलं, कौलं फेरून नीट बसवली, तुमची सायकल भंगारात दिली नाही, घरापुढच्या सपरीत उभी आहे. विहारात दर पौर्णिमेला बाया जमतात, तिथे यंदा ठरलं की बचत गटाने कोंबड्या पाळायच्या. पिलं एक दिवसाची येणार, पहिले तीन आठवडे कोणीतरी एकीने सांभाळायची, मग वाटून घ्यायची. सांभाळणार कोण यावर फार चर्चा झालीच नाही. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. कारण एकच, मी तुमची मुलगी. तुम्ही पशुदवाखान्यात परिचर होता, पण गाव तुम्हाला डॉक्टर म्हणायचं, आणि खरे डॉक्टर तुम्हाला 'अरे' म्हणायचे. डॉक्टरची पोरगी आहे, तिला येतच असेल, असा त्या बायांचा हिशेब. मला येत नाही असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. नाही म्हणता आलं नाही. का आलं नाही, तेही नीट सांगता येणार नाही.

येत कसं असेल? तुम्ही कधी काही शिकवलं का? मी चौथीत होते तेव्हा तुम्ही मला सायकलच्या दांड्यावर बसवून कोंबड्यांच्या लसीकरणाला न्यायचात. आंधळगावच्या बाजूची गावं, पहाटेची वेळ, कोंबड्या अजून खुराड्यात, हँडलला अडकवलेल्या थर्मासमध्ये बर्फ आणि बर्फात लसीची बाटली. लोक पिलं धरून आणतात, तुम्ही एकेका पिलाच्या डोळ्यात एक थेंब टाकता, आणि मी शेजारी उभी राहून मोजते. कोंबड्यांवर मानमोडीचा रोग आला की गावातली खुराडी रिकामी होतात, म्हणून हा थेंब, एवढं मला माहीत होतं, तेही तुम्ही गावकऱ्यांना सांगताना ऐकलं म्हणून. एका घरी एका बाईने पिलं चुलीजवळ मडक्यात ठेवली होती. मी तुम्हाला विचारलं, बाबा, पिलाला किती गरम लागतं? शाळेत तेव्हा आम्हाला थर्मामीटर दाखवला होता आणि मला आकडा हवा होता. तुम्ही बाटलीला बूच लावलं, माझ्याकडे पाहिलंही नाही, आणि म्हणाला, "पिलाले विचार." मला वाटलं थट्टा करताहात. परत विचारलं. परत तेच. घरी येऊन आईला सांगितलं तर ती हसायला लागली, म्हणाली, माझं लग्न होऊन बारा वर्षं झाली, मलाही असंच सांगतात, भाजीत मीठ किती तर भाजीला विचार.

हा तुमचा स्वभाव. लोकांना गंमत वाटायची. घरात राहणाऱ्याला नाही वाटत, बाबा. घरातल्याला एखादं वाक्य पूर्ण ऐकायचं असतं.

पिलं दोन दिवस आधीच आली. शहापूरला हायवेवर गाडीवाल्याने पेटी उतरवली आणि फोन केला की मॅडम लवकर या, थंडी आहे. मी शेजारच्याची मोटारसायकल मागून गेले तोवर पेटी चहाच्या टपरीच्या बाकावर होती, आणि आतून असा आवाज येत होता की टपरीवरची माणसं चहा सोडून बघत होती. तयारी काहीच नव्हती. राईस मिलमधून तूस आणायचं होतं, ते आणलं नव्हतं. खाली वर्तमानपत्र अंथरलं. आपल्या समोरच्या काकू, तुम्हाला आठवत असतीलच, आता पार वाकल्या आहेत, त्या काठी टेकत आल्या आणि पहिलं काय म्हणाल्या तर कागद काढ, तुझे बाबा कागदावर पिलं ठेवू देत नव्हते, पाय घसरतात आणि फाकून बसतात. म्हणजे हे त्यांना सांगितलं होतं. मला नाही. मी कागद काढला, धानाची तणस बारीक करून टाकली, गुळाचं पाणी ठेवलं, वर बल्ब टांगला. बल्बखाली काही पिलं आली, काही नाही आली. पहाटे लाईट गेली होती ती मला कळलीही नाही. सकाळी पिलं एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसली होती, आणि तळाशी दोन मेली होती, चपटी होऊन.

त्या दोन पिलांना हातात घेऊन मी बराच वेळ उभी होते. काकूंना वाटलं मला किळस वाटते आहे, म्हणून त्यांनी ती माझ्या हातातून घेतली. किळस नव्हती. मला तो जानेवारी आठवत होता. तो तुम्हालाही आठवत असणार, पण तुम्ही त्याबद्दल कधी बोलला नाहीत आणि मीही नाही, म्हणून आज सगळं क्रमाने लिहिते.

आई जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. तुम्ही रिटायर होऊन एकटे इथे, मी पुण्यात. रविवारी फोन व्हायचा. त्या दिवाळीनंतरच्या एका फोनवर तुम्ही बोलता बोलता म्हणाला, कंबर थोडी धरून राहिली. तुम्ही 'थोडी' म्हणाला म्हणजे फार असणार, हे मला कळत होतं. नोकरीत असताना एका बैलाने तुम्हाला लाथ मारली होती, तेव्हापासूनचं ते दुखणं. मी दुसऱ्याच दिवशी ऑफिस सुटल्यावर दुकानात जाऊन शेकायची पॅड घेतली, निळ्या कापडाची, विजेवर चालणारी, कमी-मध्यम-जास्त अशी तीन बटणं असलेली. पार्सल करून पाठवली. आत चिठ्ठी टाकली, रोज अर्धा तास कमरेला लावा, पाण्याजवळ नेऊ नका. पुढच्या रविवारी विचारलं, मिळाली का? मिळाली म्हणालात. त्याच्या पुढच्या रविवारी विचारलं, लावता का? "रोज लावतो," तुम्ही म्हणालात. "चांगली गरमी देते." मला इतकं बरं वाटलं की मी ऑफिसात दोघीतिघींना सांगितलं, माझ्या वडिलांना पॅड मानवली.

मग जानेवारीत मला चार दिवस सुटी मिळाली आणि मी न कळवता आले. संध्याकाळ आहे, गावात धूर पसरलेला आहे, मी दाराशी बॅग ठेवते आणि तुम्हाला हाक मारत स्वयंपाकघरात येते. चुलीच्या बाजूला खोका आहे. खोक्यात लोखंडी जाळीचा एक तुकडा कमानीसारखा वाकवून उभा केलेला आहे, आणि त्या कमानीला आतून माझी निळी पॅड बांधलेली आहे. वरून आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा. मी खाली वाकून बघते तर त्या कमानीखाली सतरा पिलं दाटीवाटीने बसलेली, पाठी पॅडला लावून, जशी कोंबडीच्या पोटाखाली बसतात तशी. एकही ओरडत नव्हतं. एक बारीक घुर्र असा आवाज येत होता. आज मला माहीत आहे की पिलू सुखात असलं की तसा आवाज करतं. तेव्हा तो आवाज ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली.

मी विचारलं, हे काय आहे? तुम्ही म्हणालात, कोंबडी मुंगसाने नेली, पिलं तीन दिवसांची होती. मी म्हटलं, मी पॅडचं विचारते आहे. ती मी तुमच्या कमरेसाठी पाठवली होती.

"मले माहीत आहे," तुम्ही म्हणालात.

बस. एवढंच. यापुढे अजून एक वाक्य होतं, बाबा. ते वाक्य तुमच्याजवळ होतं आणि तुम्ही ते बोलला नाहीत. या एका गोष्टीसाठी मी तुमच्यावर चौदा वर्षं चिडले आहे, बाकी सगळं तर मी कधीच सोडून दिलं.

मी बोलत गेले. मी तिकडे राहून काळजी करते, फोनवर तुम्ही सरळ खोटं सांगता, रोज लावतो म्हणे, माझ्या जिवाला घोर आणि इथे कोंबड्यांचे लाड. असंच सगळं. तुम्ही चुलीपुढे बसून ऐकत होता. मग मी वाकले आणि प्लग काढला. जाळीवरून पॅड सोडली. तिला कापडी नाड्या शिवलेल्या होत्या, लांब लांब, त्या सोडायला वेळ लागला, त्याचाही राग आला. पिलांवर गोणपाट टाकलं आणि म्हटलं, ती कोंबडीची जात आहे, काही होत नाही. पॅड तुमच्या खाटेवर अंथरली, प्लग लावला, मधलं बटण दाबलं आणि तुम्हाला म्हटलं, झोपा.

आणि तुम्ही झोपलात. हे मला अजून कळत नाही. ज्या माणसाने साहेबांचं कधी ऐकलं नाही, आईचं ऐकलं नाही, तो माणूस मी झोपा म्हटल्यावर गुमान जाऊन आडवा झाला. पिलं ओरडत होती ते तुम्हाला ऐकू येत होतं. मलाही येत होतं, पण मला त्यातलं काही कळत नव्हतं, तुम्हाला प्रत्येक आवाज कळत होता. तुम्ही उठून म्हणायचं होतं, मूर्ख पोरी, दे ती इकडे. मी भांडले असते आणि दिली असती. तुम्ही का उठला नाहीत?

सकाळी मी उठले तर तुम्ही खाटेवर नव्हता. स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसला होता, आणि तुमच्या स्वेटरच्या आत पिलं होती. गळ्यातून एकाचं डोकं बाहेर आलेलं. केव्हा उठलात कोण जाणे. अकरा तुमच्या अंगावर होती. सहा खाली, गोणपाटावर ओळीने ठेवलेली. पॅड परत जाळीला बांधलेली होती, गरम व्हायची वाट बघत होता. मी काही बोलायच्या आत तुम्ही बोललात, आवाज न चढवता, माझ्याकडे न बघता.

"कंबर माही जुनी आहे. ते थांबली असती. हे सहा दिवसाचे होते."

तुम्ही आयुष्यात मला दोनतीनदाच रागावला असाल. त्यातलं हे एक. मला लाज वाटली असती तर बरं झालं असतं. मला राग आला. मी म्हटलं, ठीक आहे, यापुढे कंबर दुखली की त्यांनाच फोन करा. चार दिवसांची सुटी घेऊन आलेली मी दुसऱ्या दिवशीच्या गाडीने परत गेले. तुम्ही बसस्टँडवर आलात, माझी बॅग उचलू लागलात, मी उचलू दिली नाही. तुमच्या कमरेमुळे नाही उचलू दिली, असं नंतर मी स्वतःला सांगत आले. तसं नव्हतं.

त्यानंतरही रविवारी फोन झाले. पण ते मीच करायचे, आणि मिनिटभराचे. बरं आहे का, बरं आहे, जेवलात का, जेवलो. कंबरेचं नाव तुम्ही पुन्हा काढलं नाहीत. मी विचारलं नाही. तुम्ही माझं बोलणं शब्दशः घेतलं की काय असं कधी कधी वाटायचं, आणि त्याचाही राग यायचा, की एवढ्या तेवढ्यावरून माणसाने असं करावं का. मग त्या पावसाळ्यात, धानाच्या रोवण्या चालू असताना, तुम्ही सकाळी शेताच्या कडेला, बांधीच्या धुऱ्यावर बसलात ते उठलाच नाहीत. छातीत कळ आली असेल असं डॉक्टर म्हणाले. कंबरेचा काही संबंध नव्हता. मला गाडीत बसेपर्यंत वाटत होतं की कंबरेनेच काहीतरी केलं असणार.

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारातून परत आल्यावर काकू माझ्याजवळ बसल्या. सगळे तुमच्याबद्दल बोलत होते, लसीचे थेंब, सायकल, कोणाची म्हैस कशी वाचवली. काकू म्हणाल्या, तुझी पॅड डॉक्टरला फार कामी आली. मी म्हटलं, हो, कोंबड्यांना. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "कोंबड्यायले तर रातीच. दुपारी ऊन पडलं का पिले आंगणात सोडे, अन् पॅड कमरेले बांधून सपरीत पडे. चार वाजले का पुन्हा पिलायले. रोज. तुले नाही सांगितलं?"

मी उठून आत गेले आणि पॅड काढून बघितली. त्या नाड्या. तुम्ही आईच्या लुगड्याचे काठ फाडून हाताने शिवलेल्या, आणि मला त्या संध्याकाळी वाटलं होतं की जाळीला बांधायला इतक्या लांब कशाला. त्या जाळीसाठी नव्हत्याच फक्त. त्या कमरेभोवती वेढा घेऊन पुढे गाठ मारता येईल एवढ्या होत्या. मी स्वतःच्या कमरेला लावून बघितल्या, पुरून उरल्या. तुम्ही फोनवर खोटं बोलला नव्हता. रोज लावत होता. मी सोडताना त्या नाड्या माझ्या हातात होत्या आणि तेव्हाही तुम्ही बोलला नाहीत.

सांगायला काय झालं होतं, बाबा? 'दिवसा मी लावतो, राती पिलं लावतात.' यात काय कठीण होतं? मी हसले असते. आपण दोघांनी चहा घेतला असता आणि मी चारही दिवस राहिले असते. की तुम्हाला वाटलं, हिला विचारायचं असेल तर विचारेल? मी विचारलंच नव्हतं हे खरं आहे. मी फक्त बोलले होते. पण म्हणून काय झालं, बापाने स्वतःहून एक वाक्य बोलू नये का?

असो. दोन पिलं मेली त्या सकाळी मी भंडाऱ्याला गेले आणि मेडिकलच्या दुकानातून नवीन पॅड आणली. तुमची जुनी चालत नव्हती, वायर कडक होऊन तुटली होती. दुकानदाराने मला पाच मिनिटं समजावलं की या पॅडमध्ये सुरक्षा आहे, दीड तासाने आपोआप बंद होते, पेशंट झोपला तरी भाजत नाही. मी म्हटलं, मला बंद न होणारी द्या. म्हणाला, मॅडम तशी आता येत नाही, पेशंट कोण आहे? मी काय सांगणार, पेशंट तीस ग्रॅमचा आहे. घेऊन आले. जाळी कापून तुमच्यासारखी कमान केली, एका बाजूला बुटकी, एका बाजूला उंच. पॅड बांधली, वर टॉवेल टाकला, आत थर्मामीटर ठेवला. हो, थर्मामीटर. मोबाईलवर आकडे असतात, पहिल्या आठवड्यात इतकं, मग दर आठवड्याला थोडं कमी. मी वहीत लिहून ठेवलं होतं. थर्मामीटर बरोबर आकडा दाखवत होता आणि एकही पिलू आत जात नव्हतं. सगळी बाहेर उभी राहून माझ्याकडे बघून ओरडत होती. मी आकडा वाढवला, कमी केला, टॉवेल काढला, घातला. एका पिलाने थर्मामीटर पाण्याच्या वाटीत पाडला. तेव्हा मी वही फेकली आणि जमिनीवर फतकल मारून पेटीत बघत बसले. दुसरं काही सुचतच नव्हतं.

बघत बसले तेव्हा दिसलं. कमान फार उंच झाली होती. पिलांना पाठीला काही टेकत नव्हतं. त्यांना गरम हवा नको होती, त्यांना पाठीवर काहीतरी हवं होतं, वजन असलेलं. मी जाळी दाबून खाली केली आणि सगळ्यात जास्त ओरडणारं एक पिलू उचलून आत सरकवलं. ते दोन क्षण गप्प झालं, मग तो घुर्र आवाज. त्याच्यामागे दुसरं गेलं, तिसरं गेलं. दहा मिनिटांत पेटी रिकामी, सगळी आत. बाहेर पळून कडेला बसली की गरम जास्त, एकमेकांवर चढली की कमी, ताटात सांडलेल्या तांदळाच्या कणीसारखी मोकळी दिसली की बरोबर. हे सगळं दिसतं. याला आकडा लागत नाही. आता मला कळलं तुम्ही काय म्हणत होता, पण हे तुम्ही तेव्हाच एवढ्या शब्दांत सांगितलं असतं तर माझी दोन पिलं वाचली असती, आणि कदाचित तुमची सहा.

गेले दहा दिवस मी दीड तासाच्या हिशेबाने जगते आहे. मोबाईलमध्ये गजर लावला आहे. गजर झाला की बटण बंद करून परत चालू करायचं. आंघोळ दीड तासाच्या आत, बाजार दीड तासाच्या आत. दुपारी काकू बसतात, त्यांना बटण दाबायला आवडतं, वेळ होण्याआधीच दाबतात. लाईट गेली की गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून आत ठेवते. पिलांच्या शेपटीखाली घाण चिकटून बसते ती कोमट पाण्याने कापसाने पुसते, अठ्ठावीस वेळा. पंखांना पिसं फुटू लागली आहेत. आता दोन मोठी झालेली पिलं कमानीच्या आत न बसता टॉवेलावर चढून बसतात आणि तिथून खाली सांडतात. मी त्यांना काय काय बोलते ते तुम्ही ऐकलं असतं तर हसला असता. पण त्यानंतर एकही मेलं नाही. एवढं तुम्हाला कळावं.

काल आंधळगावहून त्यांच्या गटाच्या सात-आठ बाया बघायला आल्या होत्या. त्यांची पिलं बल्बखाली मेली होती, त्यांनी कोणाकडून तरी ऐकलं की इथे एक मॅडम विजेच्या पॅडखाली पिलं वाढवते. सगळ्या पेटीभोवती बसल्या. मी त्यांना जाळी कशी वाकवायची ते दाखवलं, एक बाजू बुटकी का ठेवायची ते सांगितलं, पिलं कशी बघायची ते सांगितलं. त्यांच्यातली एक म्हणाली, अशी डोक्याची गोष्ट आम्हाला सुचली नसती. काकू दाराशी बसून ऐकत होत्या. मग त्या बाईने विचारलं, हे तुम्ही कुठून शिकल्या?

तुमचं नाव घेतलं असतं तर जाळी सांगावी लागली असती, मग पॅड, मग तो प्लग कोणी काढला तेही. काकू माझ्याकडे बघत होत्या.

मी म्हटलं, मोबाईलवर पाहिलं.